संघमित्राने ठेवलेला टिकमार्क

आत्याचा फोन आला तेव्हा मी संघमित्रालाच शिव्या घालत होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेला दीड महिना लोक मला भेटून म्हणतात, "बहिणीवर फार जीव होता तुमचा," आणि मी नुसती मान हलवतो. वडनेरच्या एका मंगल कार्यालयात मी लग्नाचं लाईव्ह लावत होतो. कॅमेरा उभा झाला होता, लॅपटॉप उघडला, तर मी कधीच ठेवत नाही तो टिकमार्क नव्या अपडेटने सेटिंगमध्ये आपणहून लावून ठेवलेला. तो कोणाच्या हातचा आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. तेवढ्यात फोनवर आत्याचं नाव दिसलं. मी तिला बोलूच दिलं नाही. म्हटलं, "आत्या, तिले फोन दे आधी. तो टिकमार्क काऊन आणला ते विचारायचं हाय मले." आत्या म्हणाली, "कोणाले देऊ बाबा... गेली ते आताच." संघमित्राला डेंगू झालाय, दवाखान्यात ठेवलंय, हे मला माहीत होतं. सीझन आहे, दोन लग्नं आटोपली की जाऊ, असं म्हणत मी चार दिवस काढले होते. दवाखान्यात पडलेल्या माणसाला मी टिकमार्काचा जाब विचारायला निघालो होतो.

संघमित्रा माझी आतेबहीण, पुलगावची. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, तिथल्याच एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. तिला लहानपणापासून एक खोड होती. घरातल्या वस्तूंवर ती चिठ्ठ्या चिकटवायची. आत्याच्या घरी दाराजवळ सात बटणांचा स्विचबोर्ड आहे. प्रत्येक बटणाखाली पांढरी पट्टी आणि त्यावर तिचं गोल अक्षर. 'पंखा'. 'बाहेरचा दिवा'. 'मोटर, आधी टाकी पाहा'. शेवटच्या बटणाखाली 'हा कशाचाच नाही'. नवा पाहुणा आला की हटकून ते शेवटचं बटण दाबून पाहायचा आणि आम्ही हसायचो. ती हसायची नाही. म्हणायची, "लिहिलं हाय ना खाली. माणूस वाचत काऊन नाई मंग?" पुढे आयुष्यभर तिने हाच प्रश्न जगाला विचारला आणि जगाने तिला शिव्या दिल्या. त्यातल्या काही माझ्या.

माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. गिऱ्हाइकं लाईव्ह मागू लागली तेव्हा मी एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. देशोदेशीची माणसं आपापली कामं सांभाळून ते चालवतात, त्यामागे कंपनी नाही. त्याच्या सेटिंगच्या पानावर सगळ्यात मोठी चूक मी केली ती तळेगावात, एका किराणा व्यापाऱ्याच्या घरच्या लग्नात. लाईव्ह करायला एक 'की' लागते. ती ज्याच्याकडे असेल तो तुमच्या चॅनलवर काहीही दाखवू शकतो, म्हणून ती कोणाला द्यायची नसते. मला वाटलं, हाच लग्न पाहायचा पत्ता. मी ती लांबलचक की व्यापाऱ्याला दिली, त्याने ती पत्रिकेच्या फोटोखाली लिहून अख्ख्या गोतावळ्याला पाठवली. ऐन मंगलाष्टकांच्या वेळी नवरदेवाच्या कोण्या दोस्ताने ती वापरली आणि नवरीच्या जागी शाळेच्या मैदानातला कबड्डीचा सामना सुरू झाला. नवरीची आजी सुरतेला मोबाईल धरून बसली होती. तिने अक्षता तिकडेच टाकल्या म्हणतात.

मी हे संघमित्राला रागारागात सांगितलं. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि मग म्हणाली, "दादा, चूक तुही नाई. त्या पानाची हाय. हे चावी हाय का पत्ता, हे त्यानं सांगाले पाह्यजे होतं." त्या रविवारी तिने सॉफ्टवेअरवाल्यांना पहिलं पत्र लिहिलं. कोणी उत्तर दिलं नाही, म्हणून तिनेच ते पान दुरुस्त करून पाठवलं. त्या रकान्याखाली आजही लिहिलेलं आहे की ही चावी आहे, कोणालाही पाठवू नका. पुढची सहा वर्षं ते पान तिच्याकडेच राहिलं. सांभाळायचं म्हणजे काय, तर व्हिडिओच्या साईटी आपले पत्ते आणि नियम बदलत राहतात, ते दर वेळी त्या पानात बदलायचे. कोणाचं बटण चालत नाही, कोणाचा आकडा जुळत नाही, ते शोधायचं. शाळेत जायच्या आधी दोन तास ती याला बसायची, डबा झाकून बाजूला ठेवलेला. परदेशातून तक्रारी यायच्या. 'हे पान कोणत्या मूर्खाच्या हातात दिलंय?' अशी सुरुवात असायची. ती उत्तर लिहायची, 'तुम्हाला त्रास झाला, क्षमा असावी. कोणता आकडा टाकला होता ते कळवाल का?' मला ते वाचून चीड यायची. तिला म्हणायचो, "एकाले तरी सुनाव." ती म्हणायची, "त्याचा कार्यक्रम बिघडला असन ना रे."

घरच्यांचं तर विचारूच नका. "दिवसभर कॉम्प्युटरवर बसून राह्यते, नोकरी हाय काय ते?" हे मी तिच्या सख्ख्या काकांच्या तोंडून ऐकलंय. ज्या लग्नाला जाता आलं नाही ते लग्न हेच काका मोबाईलवर घरबसल्या पाहायचे, त्या सॉफ्टवेअरवरून, त्या पानातून. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या स्मरणाच्या विधीच्या दिवशी तेच काका माईक घेऊन म्हणाले की आमच्या लेकीने जगात नाव काढलं. मी मागे कॅमेऱ्यापाशी उभा होतो. माईक हिसकावून घ्यावा असं फार वाटलं... घेतला नाही, कारण माझंही तोंड काही स्वच्छ नव्हतं.

आता त्या टिकमार्काचं सांगतो. तो असला की नेट कमी झाल्यावर सॉफ्टवेअर आपोआप चित्राचा दर्जा उतरवतं. चित्र फिकं पडतं, पण चालू राहतं. आम्ही शूटिंगवाले तो कधीच ठेवत नाही आणि दर्जाचे सगळे आकडे टोकाला नेऊन ठेवतो. कारण चित्र फिकं झालं की गिऱ्हाईक म्हणतं, कॅमेरा भंगार आहे. चित्र तुटलं तर म्हणतं, नेट भंगार आहे. म्हणून आम्हाला तुटलेलं परवडतं. हे आमच्या धंद्यातलं गुपित आहे आणि मला त्याची आता लाज वाटते. संघमित्रा दोन वर्षं त्या सगळ्या मंडळींशी वाद घालत होती की हा टिकमार्क मुळातच लावलेला असू द्या, ज्याला काढायचा तो काढेल. शेवटी त्यांनी मानलं. मोठ्या आनंदाने तिने मला फोन केला. मी काय म्हणालो? "गिऱ्हाईक तुले नाई, मले बोलते. तू एक तरी लग्न शूट केलं काय जिंदगीत? घरात बसून शायनिंग मारून राह्यली." ती म्हणाली, "तुटण्यापरीस धूसर बरं नाई काय, दादा? पाहणारा दूर असते रे." मी फोन ठेवून दिला. नंतर तिला ताप आला. आमचं शेवटचं बोलणं हे.

तिचा धाकटा भाऊ मिलिंद मस्कतला असतो. त्याला त्या दिवशीचं विमान मिळालं नाही. मी वडनेरहून पुलगावला पोचलो तोच त्याचा फोन आला. रडत नव्हता. एवढंच म्हणाला, "दादा, मले दाखव. एकडाव पाहू दे तिले." मी कॅमेरा आणि लॅपटॉप घेऊन नदीवरच्या घाटावर गेलो. तिथे मोबाईलला रेंजच्या दोन काड्या येतात आणि जातात. जोडणी केली, सेटिंगचं पान उघडलं, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने माझ्या हाताने तो टिकमार्क काढून टाकला. मला कळलंसुद्धा नाही. बुद्धवंदना सुरू झाली आणि चित्र अडकलं. तिचा चेहरा शेवटचा उघडा केला, आत्या वाकली, अग्नी दिला, तेवढा सगळा वेळ मिलिंदला कोणाच्या तरी पांढऱ्या सदऱ्याची पाठ दिसत होती, थिजलेली. मी कॅमेऱ्यातून पाहत होतो म्हणून मला सगळं दिसत होतं. तो पाठच पाहत राहिला. मला म्हणाला, "जाऊ दे दादा, नेटच नसन." मी म्हटलं, "हो, नेट नव्हतं." हे खोटं होतं, हे मी आत्तापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. मिलिंद हे वाचेल, म्हणून लिहितोय.

दहा दिवसांनी मी तिच्या त्या पानाच्या तक्रारी उघडून पाहिल्या. सॉफ्टवेअरवाल्यांनी तिच्या जाण्याच्या दोन ओळी टाकल्या होत्या, चांगल्या होत्या. त्याच्याच खाली तिचं नाव घेऊन नवी तक्रार, हा टिकमार्क कोणत्या गाढवाने लावून ठेवला म्हणून. मला उत्तर लिहायचं होतं. इंग्रजीत मला तेवढ्या शिव्या येत नाहीत. आणि मग लक्षात आलं की हा कोणी परका नाही, हा मीच आहे. दुसऱ्या देशात बसलेला, एवढंच.

पुण्यानुमोदनाला मिलिंदला सुट्टी मिळाली नाही. आत्याच्या अंगणात मी पुन्हा कॅमेरा लावला. लॅपटॉप उघडला. टिकमार्काखाली तिने मराठीत लिहिलेली ओळ मी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. 'नेट कमी झालं तर चित्र थोडं धूसर दिसेल, पण तुटणार नाही.' पंखा आणि मोटरच्या पट्ट्यांवर लिहायची ना, तशीच. सहा वर्षं ती माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी ते शेवटचं बटण दाबून पाहणाऱ्या पाहुण्यासारखा वागलो. टिकमार्क तसाच ठेवला. काकांचं भाषण चालू असताना नेट पार गेल्यासारखं झालं, चित्र फिकं पडलं. शेजारी बसलेला एकजण म्हणाला, "भाऊ, कॅमेरा खराब झाला वाटते." मी म्हटलं, "होऊ दे."

मिलिंद फोनवर होता. मी हळूच विचारलं, "दिसून राह्यलं काय?"

"धूसर हाय," तो म्हणाला. "पण मांगं बसलेली आई ओळखू येते."

मी कॅमेरा काकांवरून काढला आणि दाराशी बसलेल्या आत्यावर नेला. तिच्या डोक्याच्या वर भिंतीवर तो स्विचबोर्ड होता, पट्ट्यांसकट. अक्षरं काही वाचता येत नव्हती. आत्याला म्हटलं, "हलू नको, तो पाहून राह्यला." आत्याने पदर सारखा केला आणि भाषण संपेपर्यंत तशीच बसून राहिली.