मल्लप्पांच्या कॉम्प्युटरला बांधलेला प्रिंटर

भवानी पेठेतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात मी चहा करते. चहा घेताना माणूस बोलतो, अन् मी काय विसरत न्हाय. निम्मे किस्से तर एका प्रिंटरचेच साचलेत. लिहायला-वाचायला येत असतं तर एवढं डोक्यात ठेवावं लागलं नसतं.

ऑफिसात कॉम्प्युटर तीन, प्रिंटर एक. तो बांधलाय माल पाठवणाऱ्या मल्लप्पांच्या जुन्या कॉम्प्युटरला. मालक आणि डिझाइनवाली विजया, दोघांचे कागद मल्लप्पांच्या कॉम्प्युटरमधून जाऊनच बाहेर येतात. ह्याला शेअरिंग म्हणतात. तीन सुनांत एक मोरी, तसलंच.

*

एकदा दुपारी प्रिंटर बंद पडला. कंपनीचा इंजिनिअर आला. ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला प्रिंटर ओळखायला शिकवणारं काहीतरी, ते जुळत न्हाय म्हणाला, विजयाच्या कॉम्प्युटरवर तासभर खाटखूट केली.

"बघा मावशी, नवा ड्रायव्हर टाकल्याबरोबर चालू झाला!"

व्हय की. मल्लप्पा जेवायला जाताना लाइट वाचवायला आपला कॉम्प्युटर बंद करतात. ते तेवढ्यात जेवून आले होते.

*

मालकांनी नवा कॉम्प्युटर घेतला. त्याला ह्या प्रिंटरचा ड्रायव्हर मिळेना, तर इंजिनिअरनं दुसऱ्याच प्रिंटरचा टाकला. म्हणाला, "जवळपासचा चालतो."

साठ कागद आले, प्रत्येकावर एकेक ओळ किडामुंगीसारखी अक्षरं. माझं लग्न जमवणाराही हेच म्हणाला होता, जवळपासचं चालतंय. चाळीस वर्षं चालवून घेतलं मी. प्रिंटरला तेवढी सोशिकता न्हाय.

*

खंडेनवमीला मल्लप्पांनी प्रिंटरची पूजा केली. माणूस भाविक. झाकण उघडून, झेरॉक्सचा कागद ठेवतात त्या काचेलाच भस्माचे तीन पट्टे ओढले. मग काय, प्रत्येक झेरॉक्सवर तीन आडव्या रेघा. इंजिनिअरनं ड्रायव्हर दोनदा बदलला. तिसऱ्यांदा बदलायच्या आत मी ओलं फडकं फिरवलं.

*

आता संक्रांतीच्या सुमाराचं. विजयानं तिच्या हिमतीवर पहिली ऑर्डर आणली होती. मालक म्हणाले होते, ही नीट गेली तर पुढच्या ऑर्डरी तूच बघ. प्रत्येक गठ्ठ्याला लेबल पाहिजे, ट्रक चार वाजता सुटणार. अन् आदल्याच दिवशी इंजिनिअरनं मल्लप्पांचा कॉम्प्युटर साफ करून दिला होता. इतका साफ, की प्रिंटरचा ड्रायव्हरही गेला.

सकाळपासून तो इंटरनेटवर शोधत बसला. एवढ्या जुन्या कॉम्प्युटरला चालणारा ड्रायव्हर आता तिथं ठेवतच न्हाईत म्हणे. प्रिंटरबरोबर आलेली सीडी पाहिजे, न्हायतर नवा प्रिंटर घ्या. नव्याचा खोका तो बरोबरच घेऊन आला होता, योगायोगानं.

विजया कपाटं उपसत होती. 

मी म्हटलं, "चकती दिवाळीनंतर मल्लप्पांनी नेली. शेतातली पाखरं हाकलायला."

 मल्लप्पांनी मंगळवेढ्याला शेतावर बायकोला फोन लावला. तिनं ज्वारीतल्या दोरीवरनं चकती सोडली, पदराला पुसली अन् एसटीच्या कंडक्टरच्या हातात दिली. मल्लप्पा स्टँडवर जाऊन थांबले. अडीच वाजता चकती आली. एका कडेला पाखरानं आपलं मत नोंदवलेलं होतं. मी ते धुतलं.

इंजिनिअर म्हणाला, उन्हात राहिलेली सीडी चालणार न्हाय. मल्लप्पांनी तरी घातली. घरघर झाली, थांबली, परत घरघर. विजयानं डोळे मिटले होते. पहिलं लेबल बाहेर आल्यावर तिनं आधी मला मिठी मारली, मग लेबल बघितलं.

चारला ट्रक सुटला. पुढची ऑर्डरही तिच्याकडं आली.

तेवढ्यात मल्लप्पांच्या बायकोचा फोन. चकती गेल्यापासून पोपट ज्वारीवर बसलेत, लगेच काहीतरी पाठवा. मल्लप्पांनी इंजिनिअरच्या खोक्यातली नव्या प्रिंटरची सीडी मागून घेतली. कंपनीला काय सांगू, असं तो म्हणेपर्यंत ती पिशवीत गेली होती.

चार दिवसांनी मल्लप्पा चहाला आले. मला ते अव्वा म्हणतात, कानडीत आई.

"अव्वा, इंजिनिअरला सांगा. ह्याचा ड्रायव्हर आमच्या ज्वारीला पहिल्या फटक्यात चालला."