सुई जाफरला, ताप रफीकला

महबूब मुकादम दाभोळचा. कुवेतच्या एका इस्पितळात वॉर्डातलं रजिस्टर लिहायचा. अक्षर सुरेख, डोकं मात्र भडक. रकाना चुकलेला दिसला की डॉक्टरशीसुद्धा हुज्जत घालायचा. असल्या माणसानंच खोटी ओळ लिहावी, आता बोला!

१९६९ चा हिवाळा होता. आदल्या वर्षी हाँगकाँगहून निघालेला फ्लू पुन्हा उलटला, मीना अल-अहमदी बंदराजवळच्या कोकणी मजुरांच्या बराकींत शिरला आणि वॉर्डातल्या खाटा भरल्या. प्रत्येक रोग्यापुढे लिहायचं, लस टोचलेली की नाही. टोचलेल्यांची यादी ठेकेदाराकडून आली होती, कामाच्या फाटकावर दाखवायच्या पासच्या नंबरांची. नंबर जुळला की महबूब 'होय' लिहायचा. प्राणवायू लावावा लागलेले मजूर तेवीस झाले, त्यांत 'होय' एकोणीस. मोठे डॉक्टर यूसुफ म्हणाले, या लोकांना लस लागू पडत नाही, उरलेले डबे कचेरीतल्या साहेबलोकांना देऊन टाका.

महबूबच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लागू कशी पडणार? टोचून घेतलेले तिकडे गावी ईद करत होते! कोकणातल्या या माणसांची रीतच पडली होती, एक गावी गेला की त्याची नोकरी टिकावी म्हणून त्याच्या पासवर भाऊबंद कामाला जायचा. पासवरचा फोटो घासून गेलेला, फाटकावर बघतंय कोण? ऑक्टोबरात सुया टोचल्या, रमजानला माणसं बोटीनं गेली, आणि त्यांच्या जागी बिनसुईचे राबू लागले. वॉर्डात हे एकट्या महबूबला ठाऊक. सहा नंबरच्या खाटेवरचा 'जाफर' म्हणजे जाफरचा चुलतभाऊ रफीक, महबूबच्या बहिणीचा, सईदाचा नवरा. ती ओळ महबूबनंच लिहिलेली. बोलावं तर सगळ्यांची रोजी जाते, न बोलावं तर बराकींतली तीनशे माणसं सुईवाचून राहतात. आठवडाभर तो गप्प बसला. स्वतःचाच संताप येत होता, तरी बसला.

गुरुवारी दुपारी रफीक गेला. डॉक्टरांनी मृत्यूचा कागद पुढे सरकवला आणि लस घेऊनही दगावला असं लिहायला सांगितलं. महबूबनं पेन खाली ठेवलं.

"हा जाफर नाही, साहेब. जाफर गावी धडधाकट आहे. हा रफीक, माझा मेव्हणा. याला सुई कुणी टोचलीच नाही. खोटं मी लिहिलंय."

डॉक्टर भडकले. असे आणखी किती, नावं सांग, म्हणाले. महबूबनं नावं दिली नाहीत. आधी डबे बराकींत पाठवा, मग आकडा देतो, एवढंच म्हणाला. डॉक्टर बराच वेळ रजिस्टर चाळत राहिले, आणि शेवटी त्यांनी गाडी मागवली.

डबे पोचल्याचं कळल्यावर महबूबनं आकडा सांगितला, एकोणीस 'होय'पैकी रफीकखेरीज आणखी सतरा खोटे. त्याच संध्याकाळी त्याला घरी बसवलं.

ठेकेदाराच्या माणसानं पासवर बघून तार लिहूनच ठेवली होती, जाफर वारला म्हणून. महबूबनं ती फाडली. नव्या कागदावर खरं नाव लिहिलं आणि पत्ता आपल्या बहिणीचा घातला.