साध्या रांगेतलं रोप

धाकटीचं सगळं आयुष्य बाटल्यांत गेलं. नखाएवढी रोपं चिमट्यानं उचलायची, एका बाटलीतून दुसरीत लावायची, झाकण घट्ट. प्रयोगशाळेत कुठल्या खोलीत खाऱ्या पाण्यावर तगणारा भात, कुठल्या खोलीत किडीला दाद न देणारं वांगं. हिच्या वाट्याला अंधारात उजळणारी रोपं. चमकणाऱ्या अळंबीचं जनुक घातलेली. ऐकायला परीकथा, करायला मानमोडं काम. मान कायमची वाकली आणि तिथली पोरं तिला मावशी म्हणायला लागली, एवढीच बढती.

घरी थोरली बहीण. लग्न दोघींनीही केलं नाही. कारण विचारू नये. दोघीही एकमेकींकडे बोट दाखवतात.

ताईची नजर विझत चालली होती. डॉक्टरांनी गोड बोलून तेच सांगितलं. तेव्हापासून तिचा एकच धोशा. "जन्मभर उजेडाची झाडं लावतेस म्हणे. एक तरी दाखव, दिसतंय तोवर. की थापाच मारत होतीस?"

"जिवंत पान बाहेर न्यायचं नाही, ताई. काम संपलं की वाफेच्या बंबात घालून मारतो आम्ही."

"मग मलाही घाला बंबात."

रोज हेच. माणूस थकतं. एका दुपारी धाकटीनं एक बाटली डब्यात घातली, वर रुमाल टाकला आणि पहारेकऱ्यासमोरून बाहेर पडली. जन्मातली पहिली चोरी.

घरात पुरता अंधार होईल अशी जागा एकच, न्हाणीघर. दाराच्या फटीत टॉवेल कोंबला. ताई स्टुलावर, धाकटी पालथ्या बादलीवर.

"डोळ्यांना वेळ दे. लगेच नाही दिसत."

"दिला."

"आणखी दे."

नळ ठिबकत राहिला. "तुला दिसतंय का गं?" ताईनं विचारलं, आणि या वेळी त्यात टोमणा नव्हता.

धाकटीलाही काही दिसत नव्हतं. मग एकदम आठवलं. सकाळी एक दिवा बिघडला म्हणून तिनंच रांगा हलवल्या होत्या. तुलनेसाठी जनुक न घातलेली साधी रोपंही ठेवतात, आणि उजेडात ती उजळणाऱ्यांच्या जुळ्या बहिणीच वाटतात. झाकणावरची खूण न बघता हात सवयीनं जुन्या जागी गेला होता.

"ताई, चुकीचं रोप आणलं मी. हे साधंच आहे."

ताई स्टुलावरून उठली. मग म्हणाली, "राहू दे. लहानपणी माझी बाहुली फोडलीस, तेव्हाही असाच आवाज काढला होतास. बारीक उजेड दिसेनासा झालाय मला, हे सरळ सांग की."

"अगं, नाही गेला! रोपच..."

"पुरे."

धाकटीनं रोप बाटलीतून काढून कुकरमध्ये घातलं. साधं असलं तरी नियम तो नियम. शिट्ट्या झाल्यावर आतून आवाज आला, "काय शिजवलंस?"

"पुरावा."

ताई हसली नाही. जेवलीही नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आपलं वाचायचं भिंग शेजारणीला देऊन टाकलं. "मला काय करायचंय आता," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

आता पुन्हा चोरायचं, नाहीतर कबूल करायचं. पुन्हा चोरण्याचं त्राण नव्हतं, म्हणून धाकटी खरं बोलली. पुष्कळांच्या खरेपणामागे एवढंच असतं.

प्रयोगशाळेच्या मॅडमनी ऐकून घेतलं. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "रोपांचं काम आता तुमच्या हातात देता येणार नाही, मावशी."

"नका देऊ. माझ्या ताईला एकदा अंधारखोलीत बसवा."

मॅडम बराच वेळ तिच्या वाकलेल्या मानेकडे बघत राहिल्या. "उद्या घेऊन या. झगा घाला त्यांना, आणि निघताना झटकून घ्या."

ताईला जिना चढवता चढवता दोघींचा दम गेला. खोलीचं दार लागलं, दिवा मालवला. धाकटीला मांडणीवर हळूहळू फिका हिरवा उजेड दिसू लागला. पण तिचं लक्ष रोपांकडे नव्हतंच, शेजारच्या श्वासाकडे होतं.

"ते कडेचं असं मरतुकडं का गं?" ताई म्हणाली. "काळजी घेत नाहीस वाटतं."

धाकटीनं पाहिलं. कडेचं रोप खरंच मलूल होतं. तिनं भिंतीला डोकं टेकलं.

"माझं काम नाही आता ते. उद्यापासून मी बाटल्या धुणार."

अंधारात ताईचा हात चाचपडत आला आणि तिच्या गुडघ्यावर पडून राहिला.

"बरं," ताई म्हणाली. "घरी गेल्यावर आधी ते भिंग परत मागून आण."