गूळ-पाण्याची बातमी

माझी काकू टीव्हीवर दिसली तेव्हा ती कंपनीच्या माणसाला गूळ-पाणी देत होती आणि खाली पट्टी सरकत होती, 'प्रकल्पाचं ग्रामस्थांकडून स्वागत'. मी ताडकन उठून उभी राहिले. स्वागत कसलं डोंबलाचं! त्या दिवशी काकू मोजणी अडवायला बसली होती आणि मी तिच्या शेजारी बसले होते.

आमच्या गावावरच्या सड्यावर, त्या कातळाच्या उघड्या पठारावर, कारखाना येणार म्हणून मोजणीची माणसं आली होती. गावातल्या बायका सकाळपासून कातळावर वाट अडवून बसल्या. उन्हानं कातळ असा तापलेला की बूड टेकवत नव्हतं. दुपारी मोजणीवाल्यांतला एक जाडजूड गृहस्थ भोवळ येऊन कोसळला. त्याच्या साहेबांच्या आधी ऐंशीला टेकलेली काकू उठली. आपल्या तांब्यातलं पाणी त्याला पाजलं, पदराच्या गाठीचा गूळ हातावर ठेवला, आणि परत रांगेत येऊन सगळ्यांत मोठ्यानं ओरडायला लागली. चॅनेलच्या कॅमेऱ्यापुढे तर ती किती वेळ तावातावानं बोलली.

“माझं बोलणं सगळं कापलंनी गो,” ती मला फोनवर म्हणाली. “पाणी तेवढं ठेवलंनी.”

रत्नागिरीच्या सरकारी रेडिओवर मी बरीच वर्षं हंगामी निवेदिका. बातमीची काटछाट मला नवी नाही, असा माझा समज होता. तणतणत चॅनेलच्या ऑफिसात गेले. पूर्वी हे चॅनेल इथल्याच एका केबलवाल्याचं होतं. काही चुकलं की लोक त्याच्या दुकानात जाऊन त्याला झापायचे आणि दुसऱ्या दिवशी तो निमूट दुरुस्ती करायचा. आता तिथं काचेचं दार, एसी आणि नवे मालक. या मालकांच्या सासुरवाडीच्या नावावर आमच्या सड्यावरचे जमिनीचे तुकडे गेल्या वर्षीच झाले होते, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तिथल्या मॅनेजरनं मला अदबीनं बसवलं. म्हणाला, “मॅडम, आम्ही दाखवलं त्यातलं खोटं काय ते सांगा. काकूंनी पाणी दिलं ना?”

दिलं होतं.

तिथून थेट रेडिओवर गेले. आमच्या साहेबांना म्हटलं, महिलांच्या कार्यक्रमात काकूला पाच मिनिटं द्या, फक्त काय घडलं ते सांगू दे. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तुम्हाला कुणी बोललं नाही का? महिलांचा कार्यक्रम बंद झाला. शेतीचाही. पैसेच येत नाहीत वरून. आता सकाळ-संध्याकाळ मुंबईचंच लागणार.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि कार्यक्रम असता तरी, बाई, सरकारला हवा असलेला प्रकल्प आहे हा.” म्हणजे माझंही काम गेलं होतं, आणि मला ते असं कळत होतं. मला रडूही येईना.

तोवर ती क्लिप मुंबईला पोचली होती. आमच्या गावचे निम्मे पुरुष मुंबईला, आणि गावकीत त्यांच्या मंडळाचा शब्द जड. काकू विकली गेली, असं ठरून गेलं. तिच्या सख्ख्या मुलानंही फोन करून विचारलं, “आई, किती दिलंनी तुला?” आणि गावकीनं निर्णय घेतला, यंदा शिमग्याला देवीची पालखी काकूच्या घरी जाणार नाही.

आमच्याकडे शिमग्यात पालखी घरोघर येते, अंगणात नाचते, बायका देवीची ओटी भरतात. लग्न होऊन आल्यापासून काकूची ओटी एकदाही चुकली नव्हती. कोर्टकचेरी, जमीन, कारखाना यांतलं काही तिला इतकं लागलं नसतं.

शिमग्याला मुंबईकर आले आणि त्यांच्यातल्या तरण्या पोरांनी तोडगा काढला. “हल्ली कॉम्प्युटरवर कायपण बनवतात. काकूनी पालखीसमोर सांगायचं, मी पाणी दिलंच नाय, व्हिडिओ खोटा हाय. आम्ही सगळीकडे तेच फिरवतो.” गावकीलाही ते पटलं; एवढं म्हटलं की पालखी काकूच्या अंगणात येणार. मला तर हायसं वाटलं. एका वाक्याचा तर प्रश्न होता.

वाडीतलं शेवटचं घर काकूचं. पालखी तिच्या बेड्यापाशी, अंगणाच्या फाटकाबाहेर, थांबली, ढोल थांबले. काकू ओटीचं ताट घेऊन उभी. गावकीचे मानकरी म्हणाले, “बोला, वहिनी.”

काकू म्हणाली, “पाणी दिलं मी. माणूस पडला व्हता. देवीसमोर खोटं कसं बोलू?”

कातळावर तिच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या सगळ्या बायका तिथं होत्या. एकीनंही मान वर केली नाही. मी ओरडले, “अहो, मी होते तिथं!” पण सासरी गेलेल्या मुलीचं गावकी ऐकत नाही. ढोल वाजले आणि पालखी वळली. ही माझीच माणसं होती, हे मला खरंच वाटेना.

दिवेलागणीला चॅनेलवर बातमी आली, 'प्रकल्पाचं स्वागत केलं म्हणून वृद्धेच्या दारातून पालखी माघारी'. माघारी वळणारी पालखी आणि मानकऱ्यांचा चेहरा, पडदाभर. खोटं त्यात याही वेळी काही नव्हतं.

सकाळी मानकऱ्यांचा मला फोन. “बाय, गावाची अब्रू चालली गो. तुझ्या रेडिओवर तरी खरं काय ते सांग.”

मी म्हटलं, “आमच्याकडे आता मुंबईचंच लागतं.”

“मग आम्ही सांगायचं कुठं?”

“आधी काकूकडे जा,” मी म्हटलं.

“जाऊन काय सांगू? पालखी बसली देवळात. ती आता पुढच्या शिमग्याला उठायची.”

काकूचं वय किती, ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.