पुढच्या होडीची लाट

आमच्या संघमित्राच्या पायाला भिंगरी आहे. चहासुद्धा उभ्यानेच पिते. अशा मुलीने खेळ धरला तो कयाकचा, तोही लांब पल्ल्याचा. अरुंद होडीत ढुंगण न हलवता तास-दोन तास वल्हवत राहायचं. मी तिचा मोठा भाऊ, मला तर हसूच फुटलं.

पण या शर्यतीत नुसती ताकद पुरत नाही. मध्येच काठाला लागायचं, होडी खांद्यावर घेऊन पळायचं आणि पुन्हा पाण्यात उतरायचं. खरी गोम वेगळीच आहे. पुढच्या होडीमागे उठणाऱ्या लाटेवर आपल्या होडीचं नाक ठेवलं की बरीच मेहनत वाचते. शहाणे खेळाडू तसेच मागे राहतात आणि अगदी शेवटी सुटतात.

"मागे राहायचं? मी?" ती कोच मधुकर सरांना म्हणाली होती. तिचा तरी काय दोष? बाबा बुलढाण्याहून येऊन बस डेपोत मेकॅनिक झाले. आम्हाला मागच्या बाकावर बसवलं म्हणून ते शाळेत जाऊन भांडले होते. आपण मागे राहायचं नाही, हे आम्ही रोज जेवताना ऐकायचो. तरी सरांनी गोराईच्या खाडीत वर्षभर घोटून घेतलं आणि ती दात-ओठ खात शिकली.

निवड चाचणीतून पहिल्या दोघीच राज्याच्या संघात जाणार होत्या. अपूर्वा पुढे, तिच्या लाटेवर संघमित्रा, ऋतिका बरीच मागे. अर्धी शर्यत बाकी होती. मी काठावर नखं खात उभा होतो. बाबा पहिल्यांदाच बघायला आले होते.

"संघू, मागे काय राहिलीस? पुढे हो!"

"बाबा, ती मुद्दाम मागे आहे. गप्प बसा ना," मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो झटकला आणि पुन्हा हाक मारली. तिने काठाकडे पाहिलं आणि सुटली.

अपूर्वाला मागे टाकलं तेव्हा बाबा टाळ्या पिटत होते. मला त्यांचा भयंकर राग आला. होडी खांद्यावर घेऊन पळायची वेळ आली तोवर तिच्यात त्राण उरलं नव्हतं. तिथे अपूर्वा पुढे गेली आणि शेवटच्या वळणावर ऋतिकाही.

सर तरातरा आले. "एवढ्या लवकर सुटायला तुला सांगितलं कुणी?"

बाबा तिच्या शेजारीच उभे होते, तिची पाठ थोपटत.

"कुणी नाही, सर," ती म्हणाली. "मलाच राहवलं नाही."