कानाला लागलेला हात

"हात वर कर बे. डोक्यावरून घे. उलट्या कानाला लाव."

उमापूरच्या चावडीवर पोलीस पाटलानं मला हे सांगितलं, तेव्हा मला वाटलं खेळच आहे. मी आठ वर्षांचा. उजवा हात डोक्यावरून घेतला आणि डावा कान पकडून दाखवला. चांगला घट्ट पकडला. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं मला. मूर्खच होतो.

"लागला," पाटील अमीनसाहेबाला म्हणाला. "जाणता झालाय साहेब. लेकरू न्हाई आता."

अमीन म्हणजे निजामाचा फौजदार. दौऱ्यावर आला होता. त्याची घोडी चावडीमागं बांधलेली. ती मी आणि देशमुखांच्या माणिकनं मिळून सोडली आणि ओढ्यापर्यंत नेली. पुढं लगाम धरून माणिक, मागं मी. घोडी दगडावरून घसरली आणि लंगडत परत आली. केलं ते दोघांनी केलं. मी आजही नाकारत नाही.

पण कान धरायला फक्त मलाच सांगितलं. माणिक आपल्या बापाच्या मांडीला टेकून गूळ-शेंगदाणे खात होता. त्याच्या वयाची गोष्ट निघाली तेव्हा जोशी पत्रिका घेऊन आला. वाचून दाखवली. आठच वर्षं भरली होती.

"बच्चा है, जाने दो," अमीन हसून म्हणाला.

माझे अब्बा पिंजारी. धनुकली खांद्यावर टाकून घरोघर जायचे, कापूस पिंजून गाद्या भरून द्यायचे. आमच्यात कुणाची पत्रिका असणार? अम्मा पायरीखालून ओरडली, "पाटील, दोन्ही लेकरं एकाच आठवड्याची हायती. त्या बाळाची गादी ह्येंनीच भरली, तवा मी बाळंतीण होते."

"बाईमाणसाच्या साक्षीवर चावडी चालत न्हाई," पाटील म्हणाला.

मग चिंचेचा फोक आणला आणि अब्बांच्या हातात दिला. "तूच मार. तू न्हाई मारलास तर आमी मारू. मग बघ कसं लागतंय."

अब्बांनी मारलं. हळू मारलं की पाटील "पुन्यांदा" म्हणायचा. अब्बा रडत होते आणि मारत होते. फोकाचे वळ एखादवेळेस विसरलोही असतो. सगळ्या गावासमोर रडणारा बाप विसरता येत नाही. त्या दिवसापासून गावात माझं नाव घोडाचोर पडलं. पोरं मागून टापांचा आवाज काढायची. वर्षाच्या आत अब्बांनी गाव सोडलं आणि बीडच्या बाजारात दुकान मांडलं.

बीडला मला शाळेत घालायला नेलं. मुनशीजी दारातच म्हणाले, "हात वर कर, कानाला लाव." मी जीव घेऊन पळालो. अब्बांनी धरून आणलं. तिथं कळलं, ही खूण शाळेत घालायच्या वयाची. पाच-सहा वर्षांच्या पोराचा हात कानाला लागतोच. म्हणजे ज्या खुणेवर देशमुखांनी माणिकला शाळेत बसवलं, त्याच खुणेवर मला चावडीनं जाणता ठरवलं होतं. हसावं की रडावं ते कळेना.

मी शिकलो. हट्टानं शिकलो. बीडच्याच एका हायस्कुलात मुदर्रिस झालो, म्हणजे मास्तर. वरच्या वर्गाची दर गुरुवारची बहस माझ्याकडं आली. माझी रीत एकच. अर्ध्या तासानं दोन्ही बाजूंनी बाकं बदलायची. ज्यानं शिक्षा मागितली त्यानंच मग गुन्हेगारासाठी माफी मागायची. शिकवणं सगळं उर्दूत, पण पोरांना उर्दूत भांडता कुठं येतंय? दहा मिनिटांत गाडी मराठीवर यायची.

एका गुरुवारी मी विषय दिला. लेकरानं गुन्हा केला तर त्याचा न्याय मोठ्या माणसासारखा करावा का? दाखला दिला घोडीचा. गाव सांगितलं, चावडी सांगितली, फोक सांगितला. नाव सांगितलं नाही. "एका पिंजाऱ्याचा पोरगा," एवढंच म्हणालो.

वर्ग पेटला. वकिलाचा नारायण सगळ्यांत पुढं. "लहानपणी फोक बसला न्हाई तर मोठेपणी दरोडा घालंल," म्हणाला. टाळ्या पडल्या. मग मी बाकं बदलायला लावली. नारायण पलीकडं जाऊन बसला आणि पुन्हा उठला.

"मास्तर, घोडी एक. गुन्हा एक. वय बी एकच. मग एक लेकरू अन् एक चोर, हे ठरवलं कुणी?"

इतक्या वर्षांत मला हे एवढं सरळ मांडता आलं नव्हतं. पोरांचा मला फार अभिमान वाटला.

तेवढ्यात रघुनाथ उठला. हा माणिकचा धाकटा भाऊ, बीडला शिकायला ठेवलेला. बाक बदलायलाच तो तयार नव्हता. पिंजाऱ्याच्या बाजूनं आपण का म्हणून बोलायचं, असं त्याचं म्हणणं.

"ही तर आमच्या घरची गोष्ट हाय," तो म्हणाला. "त्या घोडाचोराचं फुडं काय झालं, मास्तर? चोरच झाला असंल की."

वर्ग हसला. नारायणसुद्धा हसला.

मी म्हणालो, "माहीत नाही."

पाटलानं केलं ते पाटलाचं पाप. हे माझं. अंगावर शेरवानी होती, हातात खडू होता, आणि मी त्या आठ वर्षांच्या पोराला ओळख दाखवली नाही. का? चाकरीला भ्यालो. पोरं हसतील म्हणून भ्यालो. आठवडाभर जेवण गेलं नाही. दुसऱ्याला बोलायला शिकवणारा हा मास्तर स्वतःच्या वेळेला मुका झाला, याची मला किळस आली.

पुढच्या गुरुवारी हजेरी घेतली आणि पुस्तक मिटलं.

"मागच्या वेळी मी खोटं बोललो. तो पोरगा मी. चोर झालो नाही, तुमचा मास्तर झालो. आता करा बहस."

कुणी हसलं नाही. रघुनाथ दप्तर उचलून निघून गेला.

आठ दिवसांत सदर मुदर्रिसांनी, म्हणजे आमच्या हेडमास्तरांनी, मला बोलावलं. टेबलावर देशमुखांचं तक्रारीचं पत्र. कागद पुढं सरकवून ते म्हणाले, "मियाँ, एक ओळ लिहा. गोष्ट बनावट होती, माफी असावी. चाकरी राहील." विचार करायला त्यांनी एक रात्र दिली.

घरी अब्बांना सांगितलं. कापूस छातीत जाऊन जाऊन त्यांना आता दम लागतो. दुकान नावालाच उरलंय, घर माझ्या पगारावर चालतं. मला वाटलं, पोटाच्या काळजीनं बोलतील. पण ते म्हणाले, "दे लिहून. तू खरं सांगत सुटलास तर लोक मला इचारतील, पोराला मारणारा बाप तूच का?"

"तुम्ही नाही मारलं अब्बा. त्यांनी मारलं."

"हात माझाच हुता," ते म्हणाले. भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. त्यांची समजूत मला घालता आली नाही. अजून आलेली नाही.

सकाळी गेलो. कागद घेतला. लिहिलं, गोष्ट खरी आहे. घोडी दोघांनी सोडली, मारलं एकालाच. खाली माझं नाव, अब्बांचं नाव आणि अब्बांचा धंदा लिहिला. सदर मुदर्रिसांनी वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"सोच लो," ते म्हणाले. "गुरुवारची बहस आजपासून बंद."

मी सलाम केला आणि वर्गात गेलो. वर्ग रिकामा होता. फळ्यावर पुढच्या गुरुवारचा विषय लिहिला. लेकराचं वय त्याच्या बापाचं घर बघून ठरवायचा हक्क चावडीला कुणी दिला?

पुसतील. मी पुन्हा लिहीन. शाळेतून काढलं तर बाजारात दुकानापुढं पोरं गोळा करीन आणि हेच विचारीन. नारायणला विचारीन, रघुनाथ आला तर त्यालाही विचारीन, आणि त्यालाही बाक बदलायला लावीन. माफी लिहून देणार नाही.