साहेबीणबाई आणि असोद्याची शेवटची गाडी

संध्याकाळी साडेसातच्या मालिकेत एक कलेक्टरीणबाई आहे. ती कुठल्याही कचेरीत शिरली की पंखा बंद असला तरी तिचे केस उडतात. ती फाइल आपटते, सगळे उठून उभे राहतात, आणि जाहिराती लागायच्या आत अन्याय संपतो. माझी असोद्याची मैत्रीण हुबेहूब तशीच, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचे. तोच आवाज, तीच चाल, आणि उगाच ओरडणाऱ्या कंडक्टरला गप्प करणारी तीच नजर.

त्यामुळे असोद्याची संध्याकाळची शेवटची एसटी गाडी बंद झाली तेव्हा मला वाटलं, चला, आपला एपिसोड आला.

प्रश्न सरळ होता. तिचा बँकेच्या परीक्षेचा क्लास पिंप्राळ्यात, माझ्या घराजवळ, सातला सुटतो. रोज रिक्षा परवडणार कोणाला? तिच्या आबांनी सांगून टाकलं होतं, गाडी सुरू झाली तर क्लास, नाहीतर घरी बसून अभ्यास. घरी बसून अभ्यास म्हणजे काय, ते एकदा मुलींना विचारा. भाकऱ्या, भांडी आणि बघायला येणारे पाहुणे!

मी तिच्यासाठी भाषण लिहिलं. मोर्च्यांची पत्रकं लिहून माझा हात तयार आहे. ‘झोपलेल्या प्रशासनाला आमचा जाहीर सवाल’ इथून सुरुवात, शेवटी टेबलावर मूठ. मूठ कुठे आपटायची तिथे लाल शाईने फुलीसुद्धा केली होती.

डेपोच्या साहेबांसमोर बसल्यावर आमच्या नायिकेने आधी तोंडावरचा स्कार्फ सोडला. केस घामाने कपाळाला चिकटलेले, उडायची बातच नाही. तिने पाणी मागितलं. मालिकेत कोणाला कधी तहान लागत नाही. मग माझ्या भाषणाची घडी घालून ती वारा घेऊ लागली. मी कोपर मारलं, तर तिने घडी दुसऱ्या हातात घेतली.

साहेब धुळ्याकडचे, वडीलधारे. प्रवासीच नाहीत, वर कळवतो, हे नेहमीचं सांगून झाल्यावर ते हसून म्हणाले की या ताई अगदी त्या मालिकेतल्या बाईंसारख्या आहेत, आमच्या घरी रोज बघतात. माझी छाती फुगली. आता मूठ.

ती वारा घ्यायची थांबली.

“नाना, तिले गाडी हाये, ड्रायव्हर हाये. मले तुमचीच गाडी होती.”

साहेबांचं हसू विरलं. “खरं शे,” ते पुटपुटले, आणि वेळापत्रक बघणाऱ्या माणसाला त्यांनी आत बोलावलं. माझी लाल फुली वाया गेली.

पुढच्या सोमवारी गाडी सुरू झाली. वेळ साडेसात, नेमकी मालिकेचीच. मी स्टँडवरच म्हटलं, ही शुद्ध मुस्कटदाबी आहे, याचा निषेध नोंदवू.

तिने खिडकीतून मान बाहेर काढली. “तू घरी जाय व. आज तिनं कोनाले झापलं, ते मले फोनवर सांग.”